उडत्या मधमाश्यांचं वजन

सुमनअक्काला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात, बुधवारी संध्याकाळी. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. आज सांगायचंच, असं घरून ठरवून गेले होते. रिक्षात बसल्या बसल्या वाक्यसुद्धा जुळवलं होतं... अक्का, त्या दिवशी येवल्याकडच्या शेतात मी गप्प राहिले, ते माझं चुकलं. एवढंच. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माश्यांना पाणी ठेवलंस का?" ठेवलं म्हटलं. "ताटलीत खडे टाकलेस? नायतर बुडतील." टाकले म्हटलं. मग नर्सबाई सलाईन बदलायला आल्या, मी डबा उचलला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते, तेव्हा दवाखान्यातून आमच्या मालकांचा फोन आला. फोन ठेवल्यावर हातातली जुडी पुरी बांधली, मग पुढची घेतली, तीही बांधली. हात थांबवायचे असतात हे सुचलंच नाही. त्याला आता दीड महिना झाला.

मी लग्न होऊन मखमलाबादच्या या मळ्यात आले, त्याच वर्षी अक्का सासर सोडून कायमची माहेरी आली होती. पुढे कुठल्याशा दहा दिवसांच्या शिबिराला गेली आणि येताना मधमाश्यांच्या दोन पेट्या घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, आली ती आली, वर पाहुणे घेऊन आली. अक्का म्हणाली, हे पाहुणे तुझ्या भाकरी खाणार नाहीत, उलट तुझ्या भोपळ्याला फळ धरतील. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. मला मात्र चार माणसांत शब्द फुटत नाही, अजूनही नाही. ती म्हणायची, "मंदे, तू मुकी नाहीस, नुसती बोलायला आळशी आहेस." पण पेटी उचलायला तिला मीच लागायची. पुढून ती, मागून मी. दोनाच्या चाळीस पेट्या झाल्या. कांद्याच्या बियाण्यासाठी लावलेले डोंगळे फुलले की मधमाश्या लागतात, नाहीतर बी भरत नाही. त्या दिवसांत आम्ही दोघी पेट्या घेऊन देवळ्याला, येवल्याला जायचो.

पेटीत मध किती, माश्या किती, हे कळावं म्हणून अक्का संध्याकाळी माश्या परतल्या की दार बंद करून पेटी भाजीच्या काट्यावर ठेवायची. एकदा माझा पाय पेटीला लागला आणि आत मोठा घोंघाट उठला. प्रवासासाठी वर एक रिकामा मजला चढवलेला होता, त्यात माश्या उडायला लागल्या. लाकडाला हात लावला तरी कळत होतं. काट्यावरचा आकडा जरा थरथरला आणि परत तिथंच येऊन थांबला. मला नवल वाटलं. मी विचारलं, इतक्या माश्या हवेत गेल्या, मग पेटी हलकी कशी झाली नाही? अक्काला फार आनंद झाला, कारण मी क्वचितच काही विचारायची. तिनं तीन-तीनदा पेटीवर टकटक केलं आणि प्रत्येक वेळी मला आकडा बघायला लावला. मग म्हणाली, छताच्या पंख्याखाली उभी राहिलीस तर वारा लागतो ना? माशीचे पंख तसेच हवेला खाली ढकलतात, म्हणून ती वर राहते. ती खाली ढकललेली हवा बंद पेटीत जाईल कुठं? तळावरच दाबणार. जेवढी माशी जड, तेवढाच दाब. हंड्यात मासा पोहत असला तरी हंडा हलका होतो का? जाळीचा पिंजरा असता तर गोष्ट वेगळी, थोडा वारा बाहेर गेला असता. ही तर सगळी लाकडाची. "बसू दे नायतर उडू दे," ती म्हणाली, "आत हाय तोवर वजन आतच."

त्या वर्षी येवल्याकडच्या एका शेतकऱ्यानं आम्हाला पहिल्यांदाच बोलावलं होतं. आदल्या साली कुणीतरी त्याच्या शेतात अर्ध्या रिकाम्या पेट्या ठेवून गेलं होतं, म्हणून त्यानं आधीच सांगितलं, पेट्या वजन करून घेणार. अक्कानं घरी वजन करून प्रत्येक झाकणावर खडूनं लिहिलं. पहाटे निघालो, पण वाटेत टेम्पो पंक्चर झाला आणि पोहोचेपर्यंत ऊन चढलं. माश्या तापल्या होत्या, पेट्या नुसत्या गरजत होत्या. पहिलीच पेटी काट्यावर ठेवली. खडूनं लिहिलेलं एकोणीस किलो, काट्यावरही एकोणीस. तिथं शेतकऱ्याचे जावई आले होते, शिकलेले, मोठ्या नोकरीतले. त्यांनी पेटीला कान लावला आणि हसून म्हणाले, माश्या तर सगळ्या उडतायत. उडणाऱ्याचं वजन काट्यावर येतच नाही. मग हे एकोणीस किलो कशाचं? तळाला दगड असणार.

शेतावरचे सगळे गोळा झाले. अक्का समजावत होती, पंख्याचं सांगत होती, हंड्यातल्या माशाचंही सांगितलं. जावई मान हलवत राहिले. मग ती माझ्याकडे वळली. "मंदे, आपण घरी पायलंय ना? सांग यांना." सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. मला आकडा आठवत होता, तो थरथरून परत आलेला सुद्धा आठवत होता. पण चौथी शिकलेल्या बाईनं त्या माणसापुढं काय बोलायचं... मी पदर ओढून खाली पाहिलं. शेतकरी म्हणाला, "बघा, यांच्या घरचीच बाई बोलंना."

अक्कानं पदर खोचला. तोंडावर जाळी नाही, माश्या शांत करायला धूर नाही, तशीच पुढे झाली आणि भर उन्हात तिनं काट्यावरच्या पेटीचं झाकण काढलं. लोक मागे पळाले. माश्या काळ्या धुरासारख्या बाहेर आल्या, तिच्या कपाळावर, ओठांवर, मनगटांवर बसल्या. ती हलली नाही. पोळ्याची एक एक फ्रेम उचलून, झटकून बाजूला ठेवली आणि रिकामा तळ सगळ्यांना दाखवला. दगड नव्हता. फ्रेमा परत आत ठेवल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, आता आकडा वाचा. जवळजवळ दोन किलो कमी होतं. "हे आत्ता गेलं वजन," अक्का म्हणाली. जावई म्हणाले, बरं बरं, ठीक आहे, आणि चहाला गेले. त्या पेटीतली राणी माशी काही परत सापडली नाही. राणी गेली की पेटी गेली.

परतताना टेम्पोत मी तिचे डंख नखानं खरवडून काढत होते. तिचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्यानं बाहेर बघत ती म्हणाली, "तुला माहीत होतं ना?" मी हो म्हणून मान हलवली. "मग झालं," म्हणाली. पुन्हा तो विषय तिनं कधी काढला नाही. मला टोमणे मारायची ते मेथीवरून, चहावरून, माझ्या संथ चालीवरून. त्यावरून एकदाही नाही. मारला असता तर मला बोलता आलं असतं. पण एक गोष्ट तिनं धरली. त्या शेतात दरवर्षी गेलं की कुणी न मागता ती एक पेटी उघडून तळ दाखवायची आणि मगच बाकीच्या उतरवायची. शेतकरी म्हणायचा, राहू द्या अक्का, भरवसा हाय आता. ती ऐकायची नाही. आठ वर्षं उघडली. मी दरवर्षी शेजारी उभी असायचे, फ्रेमा हातात घेऊन, तोंड बंद.

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन वाजला. तो आता माझ्याजवळ असतो. तोच शेतकरी होता. डोंगळे फुलायला लागलेत, पेट्या कधी आणता म्हणाला. मी सांगितलं, अक्का गेली. कधी, कशानं, त्यानं विचारलं. मग म्हणाला, लय खरी बाई होती, पेटी उघडून दाखवल्याशिवाय कधी उतरवली नाय. आता कोण आणणार? मी आणीन म्हटलं. तो बरं म्हणाला, फोन ठेवायलाच निघाला होता.

"थांबा," मी म्हणाले. "यंदा पेटी उघडायची नाही. बंदच काट्यावर ठेवा. आत बसल्या काय, उडाल्या काय, वजन तेवढंच भरतं. हे त्या दिवशी मला माहीत होतं. आम्ही घरी पाहिलं होतं."



"मग ताई, तवा का नाय बोलल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही बोलले," मी म्हणाले.