ताटाची डावी बाजू

डाक्टर साहेबांनी खिशातून सायकलची किल्ली काढली आणि माझ्या उजव्या तळव्यावर खालून वर ओढली. बोटं आत वळली. मग तीच किल्ली डाव्या तळव्यावर ओढली. मला काहीच कळलं नाही. माझा मुलगा किसन खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं नंतर सांगितलं, की डाव्या पायाचा अंगठा एकटाच वर उठला होता. साहेबांनी किल्ली खिशात ठेवली आणि सिस्टरला एक शब्द लिहायला लावला. हेमिप्लेजिया.

म्हणजे अर्ध्या अंगाचा लकवा. ते म्हणाले, डोक्यात उजवीकडे रक्ताची एक बारीक नळी बंद पडली आहे. उजवीकडचा मेंदू डाव्या अंगाला हुकूम देतो. हात आहे, पाय आहे, फक्त हुकूम पोचत नाही.

"पाय चालन का साहेब?" मी विचारलं.

"आपोआप चालणार नाही. तुम्हाला तो चालवावा लागेल."

सन पंचावन्नच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नाचणगावात मी लोकांचे गोऱ्हे शिकवत असे. जू कधी मानेवर न घेतलेला गोऱ्हा माझ्याकडे आणून देत, मी तो औताला चालता करून परत देई. त्या सकाळी गोठ्यात दावं सोडत होतो, ते हातातून गळून पडलं. उचलायला वाकलो तो शेणातच बसलो. किसननं बैलगाडीनं पुलगावला नेलं, तिथून पॅसेंजरनं वर्ध्याला, स्टेशनावरून टांग्यानं दवाखान्यात.

मी दुसरी पास आहे, तिसरीत नापास. गावचे मास्तर म्हणाले, ही हकिकत तुम्ही सांगा, मी शुद्ध करून लिहितो. मी नको म्हटलं. ज्याच्या घरी हा आजार येईल त्याला माझं अशुद्धही कळेल.

मरणाचं मला भय नव्हतं. भय होतं ते दुसरंच, आणि ते सांगायला लाजणार नाही, कारण खाटेवर पडलेल्या प्रत्येकाला तेच असतं. सकाळी पाण्याचा लोटा घेऊन परसाकडे एकट्यानं जाता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. वॉर्डात ते सगळं खाटेवरच. खाली भांडं सरकवायचं, दुसऱ्यानं धुवायचं. साहेबांनी चौथ्या दिवशी विचारलं, बाबा, तुम्हाला बरं होऊन काय करायचं आहे. मी लोट्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यासाठी चालता यायला पाहिजे, उकिडवं बसता यायला पाहिजे आणि बसलेलं उठता यायला पाहिजे. यात शेवटचं सगळ्यात अवघड.

पहिले बारा दिवस माझ्याकडून कुणी काही करवलं नाही, पण मला मोकळंही सोडलं नाही. दर दोन तासांनी कुशीवर वळवत. तळव्याला टेकून लाकडाची फळी आणि दोन्ही बाजूंनी रेतीच्या थैल्या ठेवत. मला वाटलं, पळून जाईन म्हणून बांधून राह्यले. सिस्टरनं सांगितलं, पाऊल असं उभं धरलं नाही तर ते खाली लोंबतं आणि तसंच आखडतं. मग माणूस चालला तरी बोटं घासत चालतो.

सकाळ-संध्याकाळ ती माझा हात आणि पाय प्रत्येक सांध्यातून वळवायची. याला पॅसिव्ह एक्सरसाइज म्हणतात. म्हणजे आपलं अंग दुसऱ्यानं हलवायचं, आपण फक्त मनात जोर लावायचा. मला तो पोरखेळ वाटे. तरी विसाव्या दिवशी गुडघा माझ्या हुकमानं इतकासा हलला. मी सिस्टरला सांगितलं नाही. आधी तीनदा हलवून खात्री केली, मग सांगितलं.

एक चूक केली, ती तुम्ही करू नका. भांडं मागायला लागू नये म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. दिवसाला अर्धा पेला. आठ दिवसांत लघवीला आग सुरू झाली आणि ताप चढला. साहेब खूप रागावले. म्हणाले, मेंदूनं तुम्हाला अर्धं पाडलं, बाकीचं अर्धं तुम्ही स्वतः पाडता आहात.

आता सुनेचं सांगतो. किसनची पुलगावच्या गिरणीत पाळी असे, तो इतवारी येई. माझी बायको सात वर्षांमागं गेली. म्हणून दवाखान्यात माझ्याजवळ राहिली ती सून, गिरजा. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत ती माझ्याशी समोर उभी राहून एक शब्द बोलली नव्हती. आमच्यात सून सासऱ्यापुढं येत नाही. पदर भुवयांखाली ओढलेला. भाकर वाढली की आतून बांगड्या वाजवायची, तीच जेवायची हाक. काही सांगायचं झालं तर भिंतीकडं पाहून सांगायची. मीही तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. दवाखान्यातही तसंच. ती माझ्या खाटेच्या डाव्या अंगाला, भिंतीपाशी बसून राही.

दवाखान्याच्या मागं चुली होत्या, तिथं ती भाकर टाकी. ब्लडप्रेशर म्हणजे रक्ताचा दाब वाढलेला, म्हणून मीठ बंद. तरी मी बिनमिठाचा ठेचा मागितला होता. दोन दिवस ताट आलं ते नुसती भाकर आणि वरण. तिसऱ्या दिवशी मी भडकलो. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालो, की पडलेल्या बुढ्याला ठेचाही द्यायला यांचा हात होत नाही.

ती उठली, माझं ताट अर्धं फिरवलं आणि परत भिंतीपाशी जाऊन बसली. ठेचा ताटात होता. कांदाही होता. ताटाच्या डाव्या बाजूला, जिथं तो वाढतात तिथंच. दोन दिवस तो तिथंच होता आणि मला दिसला नव्हता.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसलेच. याला निग्लेक्ट म्हणतात, ते म्हणाले. डोळे चांगले असतात, पण मेंदू डाव्या बाजूची नोंदच घेत नाही. माणूस अर्ध्या ताटात जेवतो, अर्धी दाढी करतो, दाराच्या डाव्या चौकटीला आपटतो. त्यांनी गिरजाला सांगितलं, तुम्ही डावीकडून येत जा, डावीकडून बोलत जा, त्यांना मान वळवून तुमच्याकडं बघायला लावा. त्यांना आमची रीत माहीत नव्हती. गिरजानं मान हलवली आणि पदर आणखी पुढं ओढला.

मग खाटेच्या काठावर पाय सोडून बसणं सुरू झालं. बसणं म्हणजे काय मोठं, असं मला वाटे. पहिल्या दिवशी मी डावीकडं असा कलंडलो, की गव्हाचं पोतं. पाच दिवसांनी बसता आलं. मग खाटेचा गज धरून उभं राहणं. मग व्हरांड्यात दोन बाकं समोरासमोर लावली, त्यांच्या मधून चालणं.

मी हट्टी. उजव्या पायावर सगळा भार घेऊन डावा पाय नांगरासारखा फिरवून ओढत मी दहा पावलं गेलो आणि साहेबांकडं पाहिलं, शाबासकीसाठी. ते म्हणाले, हे चालणं नाही. डाव्या पायावर भार टाका.

मला हे लगेच पटलं, कारण हा माझाच धंदा. शिकलेल्या बैलाजवळ गोऱ्हा जुंपला आणि सगळी ओढ शिकलेल्याच्याच मानेवर राहू दिली, तर गोऱ्हा बाजूनं नुसता चालत राहतो, शिकत नाही. जू थोडं त्याच्याकडं सरकवावं लागतं. तो बसतो, फुरफुरतो, पण मानेवर ओझं आल्याशिवाय त्याला आपलं काम कळत नाही.

दुसरी गोष्ट मात्र पटायला वेळ लागला. साहेब म्हणाले, "पाय पाहू नका. पाय पाहिला की माणूस वाकतो, वाकला की पडतो. समोर कुणाला तरी उभं करा आणि त्यांचं तोंड पाहत चाला."

समोर गिरजाच होती. ती डावीकडं थोडी तिरपी उभी राहिली, तोंड जमिनीकडं. मी बाकाकडं पाहिलं. दोन महिने दवाखान्यात काढून मी वीस पावलं शिकून घरी आलो, ती अशी, एकमेकांकडं न पाहता.

घरी किसननं अंगणात खुंट रोवून कमरेच्या उंचीला दोन बांबू बांधले. तेवढ्यात कारंज्याहून माझी थोरली बहीण आली, आक्का. ती पिशवीत जिवंत पारवा घेऊन आली होती. लकव्याच्या अंगाला पारव्याचं गरम रक्त चोळतात, हे आमच्याकडं सगळे जाणतात. चोळलं. पाय होता तसाच राहिला, फक्त माशा आल्या.

दुसऱ्या दिवशी गिरजा बांबूच्या टोकाला उभी राहिली तर आक्का ओट्यावरून म्हणाली, "काऊन वो, सासऱ्याच्या पुढ्यात अशी उभी राह्यली? बुढा पडला हाय, मेला नाई अजून."

गिरजा आत गेली. आणि मी काय केलं. मी आक्काची बाजू घेतली. म्हणालो, बरोबर हाय, मी एकटाच करीन. दहा दिवस मी एकट्यानं केलं, म्हणजे केलं नाही. खाटेवर बसून बांबूकडं पाहिलं. अकराव्या दिवशी उठलो तर डावी टाच जमिनीला टेकेना. पोटरी दोरासारखी ताठ. दोन महिन्यांची कमाई दहा दिवसांत चालली होती, आणि ती माझ्याच तोंडानं.

त्या सकाळी मी आक्कासमोर आयुष्यात पहिल्यांदा सुनेला नावानं हाक मारली. "गिरजे, बाहेर ये. समोर उभी राय."

ती उंबऱ्यात आली. आक्का मला म्हणाली, "माद्या, लोक काय म्हनतीन?"

"लोक येतीन का मले परसाकडे नेऊन बसवाले?" मी म्हणालो. "तुले त तुह्या घरी जाच हाय. मले इथंच चालाच हाय."

आक्का तोंड फिरवून बसली. गिरजा बांबूच्या टोकाला गेली. पदर कपाळावरून मागं सरकवला, डोक्यावर राहू दिला, आणि भिंतीकडं न पाहता माझ्याकडं पाहून म्हणाली, "मी उभी राईन मामाजी. पन वॉर्डातल्यासारखं बोलान त मी जाईन स्वयपाकाले, आन तुमी राहान बांबूत."

नऊ वर्षांत तिचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डाव्या भुवईवर भाजल्याचा एक जुना डाग आहे, तोही तेव्हाच कळला.

तिनं मला जसं चालवलं तसं मी कोणत्या गोऱ्ह्याला चालवलं नाही. रोज सकाळी आधी गरम पाण्याचा शेक, मग पोटरी हळूहळू ताणणं, मग बांबूतून चालणं. भार डावीकडं, डोळे समोर. मी खाली पाहिलं की ती म्हणे, "पाय पळून नाई जात मामाजी, इकडे पाहा." रागवायची सोय नव्हती. डाव्या हातात आधी रिकामा लोटा दिला. तो सुटायचा, ती उचलून परत द्यायची. मग त्यात दोन बोटं पाणी, मग चार.

उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी. खाटेवरून उठणं जमलं, मग आणखी खालून उठता यावं म्हणून पाटाखाली सहा विटा ठेवल्या. पाटावर बसायचं, हात न टेकता उठायचं. आठवड्याला एक वीट काढायची. तिसरी वीट निघाली तेव्हा मी सात दिवस पाटावरून उठू शकलो नाही. तिनं ती परत ठेवली, पंधरा दिवसांनी पुन्हा काढली. ज्याच्या घरी लकवा आहे त्यानं हे नीट वाचावं. वीट परत ठेवायला लाजू नये.

पेरण्या आटोपल्या तेव्हा एके दिवशी सकाळी मी लोटा भरला, काठी घेतली आणि कुणाला न सांगता गेलो. नाल्याकाठच्या बाभळींपर्यंत. जाणं झालं, बसणं झालं, उठणं झालं. परत येताना चिखलात काठी घसरली आणि मी आडवा झालो. जवळ कुणी नव्हतं. थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग सावकाश उठलो.

अंगणात आलो तर गिरजा दारात उभी. "पडले का?" तिनं विचारलं.

"नाई."

"धोतराले चिखल कायचा मंग?"

मी काठी भिंतीला टेकवली. "पडलो होतो. उठलो."

"कोनं उठवलं?"

"कोनी नाई."

ती दारातून अंगणात उतरली. मग म्हणाली, "कसे उठले, दाखवा."

शेजारची बाई कुडावरून पाहत होती. पासष्ट वर्षांचा माणूस, पाच गावांत ज्याच्या हाताखालचे बैल चालतात, मी आपल्या अंगणात आपल्या सुनेसमोर आपणहून जमिनीवर आडवा झालो. चांगल्या कुशीवर वळलो. उजव्या कोपरावर आलो. दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन रांगता झालो. उजवं पाऊल पुढं रोवलं, काठी भिंतीला होती म्हणून अंगणातल्या खाटेचा पाय धरला, भार थोडा डावीकडं दिला आणि उभा राहिलो. तुम्हीही असंच करा. घाई करू नका.

डावा हात अजून पुरता उघडत नाही. थंडीत पाय जड होतो. गोऱ्हे आता दुसरा शिकवतो, मी खाटेवरून सांगतो. साहेबांचे आणि त्या सिस्टरचे उपकार मी मानतो, त्यांना तसा कागदही लिहिला. गिरजाला काही लिहून दिलं नाही, तिला वाचता येत नाही. पण त्या दिवशी मी एवढा वेळ धडपडत उठत होतो, तिचे दोन्ही हात मोकळे होते, आणि तिनं हात पुढं केला नाही. हे तिनं माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम, असं मी समजतो.