हळकुंडांचा वाफा

सातवीत असताना मी शाळेच्या वाफ्यात शिजवून वाळवलेली हळकुंडं लावली. ती उगवत नाहीत हे आमच्या भागात रांगत्या लेकरालाही कळतं, आणि मला तेच हवं होतं. परवा शिवारातून हळद शिजल्याचा उग्र वास आला आणि तो वाफा डोळ्यापुढे उभा राहिला. बागकामाचा तास सक्तीचा होता. सकाळ-संध्याकाळ घरच्या रानात जे करायचं, तेच शाळेतही करायला माझी मुळीच तयारी नव्हती. सरांनी घरून लावायला हळदीचं बेणं आणायला सांगितलं, मी मुद्दाम हळकुंडं नेली. काही उगवलंच नाही तर खुरपायचं काय, असा माझा डाव. महिन्याभरात सगळ्यांचे वाफे हिरवे झाले. सर म्हणाले, "ज्याचं उगवलं त्यानं खेळायला जावं. तू मात्र उगवेपर्यंत रोज पाणी घाल." पोरं पलीकडे क्रिकेट खेळायची आणि मी हापशावरून बादल्या वाहायचो. "काय रे, कोंब येऊन राहिला का?" सर रोज विचारायचे. "येईल की सर, घाई काहून करता?" मी तोऱ्यात सांगायचो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाणी घातलं, पण कबूल म्हणून केलं नाही. हे सगळं मुलीला रंगवून सांगितलं आणि छाती काढून म्हणालो, "पाहिलं? तुझा बाप हरला न्हाई." ती म्हणाली, "पप्पा, मग एखाद्या दिवशी गुपचूप खरं बेणं लावायचं न्हाई का? इतकं येडं कोणी राहतं का?"