पूजेतली कॅसेट

ऐंशीच्या दशकात आमच्या वर्ध्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांनी टीव्ही केंद्र काढलं. केंद्र म्हणजे एक कॅमेरा, हॉलमध्ये आणि मेसमध्ये एकेक टीव्ही, मधे वायर, आणि बाकी सगळा रुबाब. कार्यक्रमाआधीचं चित्र कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. काम किचकट होतं, म्हणून ते वर्गातल्या एकुलत्या एक मुलीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं.

मी कापसाचं बोंड काढलं. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवायचे आणि एकेका चौकोनाचा आकडा टाइप करायचा. आधी मिटलेलं बोंड, मग तडकलेलं, मग पांढरंशुभ्र फुटलेलं, आणि त्या कापसातून केंद्राचं नाव वर येणार. अख्खा पावसाळा त्यात गेला. कॉम्प्युटर बंद केला की सगळं पुसलं जाई, म्हणून ते गाण्याच्या असते तशा कॅसेटवर भरून ठेवायचं. दुसरी कॅसेट मागितली, तर केंद्र सांभाळणारे सर म्हणाले, एक पुरे.

घरी देवळीला काकांनी धोशा लावला होता, स्थळ आलंय, पोरीला परत आणा. बाबा म्हणाले, "आधी पाहून तं येऊ द्या, पोरगी तिथं काय करून राह्यली." दसऱ्याला उद्घाटन होतं. त्याला ते येणार होते.

नवमीला सरांनी आयुधांची पूजा मांडली. पाट सापडेना, तर एक मोठा सुटा स्पीकर पालथा घातला, चुंबकाची बाजू वर. त्यावर लाल कापड आणि मधोमध माझी कॅसेट, हळदीकुंकू लावून.

"सर, खाली लोहचुंबक आहे. कॅसेट पुसली जाईल."

"पूजेतल्या वस्तूला उद्यापर्यंत हात लावत नसतात," सर म्हणाले. "देवानं कधी कुणाचं बिघडवलंय का?"

हा माणूस आम्हाला इंजिनिअरिंग शिकवायचा. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पोरं हसली आणि खोलीला कुलूप लागलं.

दसऱ्याला कॅसेट लावली. पडदा काळा तो काळाच राहिला. सर पाहुण्यांना म्हणाले, या मशीनचा काही भरवसा नसतो. मग पेंटरनं रंगवलेली केंद्राच्या नावाची पाटी कॅमेऱ्यासमोर धरली आणि टाळ्या पडल्या. "तुला आता काम नाही, प्रसाद वाट," म्हणून सरांनी माझ्या हातात ताट दिलं. शेवटच्या रांगेत बाबा धुवट धोतर नेसून बसले होते. त्यांनाही मीच प्रसाद दिला.

बसस्टँडवर मी त्यांना सगळं सांगितलं. बोंड, चौकोन, चुंबक, सगळं.  देवळीची गाडी लागली.

"तू सांगते ते खरंच असन," ते म्हणाले. "पण मले जे दिसलं तेच घरी सांगावं लागन. अन् प्रसाद तं देवळीतही वाटता येते, बाई."

दिवाळीच्या सुट्टीला निघताना ट्रंकही सोबत आण, असा घरून निरोप आला.