शांत केलेली जमीन

नोव्हेंबर लागला की आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर लाल काठाची तिकोनी पाटी यायची: सावकाश जा, शिकार चालू आहे. ती दिसली की माझ्या नवऱ्याच्या कपाळाला आठी पडायची आणि मला आधीच दमल्यासारखं व्हायचं. कारण पुढचे कित्येक दिवस भांडण त्याचं असणार होतं आणि जर्मन माझं. तो स्टुटगार्टजवळ, त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तिथे त्याचं इंग्रजीवर भागायचं. मी घरून भाषांतराची किरकोळ कामं करायचे. त्यामुळे घरमालक असो, नळवाला असो की शिकारी, राग त्याचा आणि व्याकरण माझं, अशी आमच्या संसाराची वाटणी झाली होती.

हे सगळं सुरू झालं आबांमुळे. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते गावाकडे एकटे पडले. शेत पुतण्या कसत होता, आणि पुतण्याच्या शेतात रोज जाऊन उभं राहणं त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांना कायमचं इकडे आणणं कायद्यात बसत नव्हतं, तीन महिन्यांचा व्हिसा तेवढा मिळायचा. पहिल्या खेपेला ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि खाली पार्किंगमध्ये लागणाऱ्या गाड्या बघायचे. कुठली गाडी कधी येते ते त्यांना पाठ झालं. एक दिवस म्हणाले, "तुमच्याकडं सगळं हाय रं, पण माणसानं जायचं कुठं?" आणि परत जायची तारीख अलीकडे आणता येते का, ते विचारलं.

नवऱ्याने ते फार मनाला लावून घेतलं. शेतातून सुटावं म्हणूनच हा माणूस इंजिनियर झालेला, पण पुढच्या खेपेच्या आत त्याने गावाबाहेरच्या उतारावर जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. इथले लोक अशा जमिनीला श्ट्युकले म्हणतात, म्हणजे तुकडाच. सफरचंदाची जुनी झाडं, लाकडाची एक खोपी, तिच्यापुढे बाक, आणि वरच्या अंगाला काटेरी झुडपांचं कुंपण. त्यापलीकडे लगेच जंगल. आबा आले, हद्दीवरून एकदा चालून आले, मूठभर माती चुरगाळून म्हणाले, "बरी हाय. जरा गार हाय, पण बरी हाय." त्या दिवसापासून खिडकीची खुर्ची सुटली. सकाळी भाकरीचा डबा घेऊन मी त्यांना गाडीने सोडायचे, दुपारी आणायचे. ते पुढच्या वर्षी कुठली फांदी छाटायची ते बोलू लागले. पुढच्या वर्षी, हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायलाच तर आम्ही जमीन घेतली होती.

जमिनीबरोबर एक पत्र आलं. तुम्ही आता शिकार-सोसायटीचे सभासद आहात. म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या जमीनमालकांची मिळून सोसायटी, तिने शिकारीचा हक्क एका माणसाला भाड्याने दिलेला. तुम्हाला पटो न पटो, तुमच्या जमिनीवर तो शिकार करणार. आम्ही तिघंही अंडंसुद्धा न खाणारे. मी आबांना समजावून सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "चेअरमन कोण हाय?" आम्ही खूप हसलो. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

मग तो शनिवार आला. गावच्या पत्रकात म्हणे सूचना छापली होती, पण ते पत्रक आम्ही न उघडता रद्दीत टाकायचो. पाटी बघितली, पण ती वाहनांसाठी असेल असं वाटलं. आम्ही तिघं झाडाखालची पानं गोळा करत होतो, तेवढ्यात वरून घंटांचा आवाज आला. आबा खुशीत म्हणाले, "गुरं आली वाटतं." गुरं नव्हती. कुंपणातून एक हरणी खाली आली, मागचा पाय फरफटत, आणि अगदी खालच्या झाडाशी कोसळली. तिच्यामागे भगवे पट्टे बांधलेली, गळ्यात घंटा असलेली कुत्री. त्यांच्यामागे धापा टाकत एक म्हातारा शिकारी. त्याने कुत्री ओढून बाजूला केली, गुडघ्यावर बसला, सुरी काढली, आणि मी मान फिरवली.

तो उठला आणि ओरडला, "आज इथे काय करताय तुम्ही? गोळी लागली असती!" नवरा इंग्रजीत ओरडला, "माझी जमीन आहे ही!" पुढे मला कळलं की तो शिकारी गावचा सुतार होता, उभा जन्म यंत्रांच्या आवाजात गेला होता, आणि कानाने कमी असल्यामुळे तो गुड मॉर्निंगही ओरडूनच म्हणायचा. पण नवऱ्याला वाटलं, आपल्या जमिनीवर येऊन हा आपल्याला दम देतो. हरणी उचलून नेली तरी तो त्याच्यामागे हातवारे करत वरपर्यंत गेला.

आबा बाकावर बसले होते, चेहरा उतरलेला. मी पाणी दिलं. तेवढ्यात एक म्हातारी कुत्री लंगडत मागे राहिलेली दिसली. आबांनी जिभेने आवाज काढला, "यू, यू." ती जवळ आली. त्यांनी तिचा पंजा हातात घेतला, काटा काढला, आणि डब्यातली अर्धी भाकरी मोडून तिच्यापुढे धरली. थोड्या वेळाने शिकारी तिला शोधत परत आला. हे बघितलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. उरलेल्या भाकरीतला तुकडा आबांनी त्यालाही दिला. आबांनाही कमीच ऐकू यायचं, त्यामुळे भाषेचा प्रश्न आला नाही. दोघं बराच वेळ बसून होते. नवरा दुसऱ्या वाटेने गाडीकडे गेला होता, त्याने हे काही बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त बापाचा उतरलेला चेहरा राहिला.

"आबांच्या डोळ्यांदेखत!" रात्री तो म्हणाला. "आता पुढच्या वर्षी येतील का ते?"

मी सांगितलं. कुत्रीचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, आबांना कुत्र्यांचा त्रास नाही हेही सांगितलं. आबांसमोर मी नवऱ्याला अहो म्हणायचे आणि भांडताना अरे. त्या रात्री अरेच होतं. "अरे, विचार ना त्यांना." तो म्हणाला, "ते काय खरं सांगणार आहेत? तुला बरं वाटावं म्हणून म्हणतात." झालं. बापाच्या मनातलं बापापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, ही आमच्या घरातली जुनी खोड.

मग माझी पायपीट सुरू झाली. आधी शिकाऱ्याच्या घरी. तो म्हणाला, रानडुकरं खालची मक्याची शेतं उकरतात, मग शेतकरी माझ्या दारात येतात, कुत्र्यांशिवाय ती झाडीतून निघत नाहीत, आणि कुत्र्याला काय किंवा डुकराला काय, जमिनीचा उतारा वाचता येत नाही. हे मी घरी सांगितल्यावर आबा मांडीवर थाप मारून हसले. "खरं बोलला! डुकराला सातबारा कुठला कळतुया?" नवरा ताटावरून उठला.

मग शिकार खात्याची कचेरी. तिथली बाई फोनवर म्हणाली, जमीन बेफ्रीडेट असेल तरच तिथे शिकार बंद. म्हणजे पक्कं कुंपण हवं. बांधकाम कचेरीतला माणूस म्हणाला, गावाबाहेर पक्कं कुंपण घालता येत नाही, रानातल्या जनावरांना मोकळी वाट हवी. मी म्हटलं, मोकळी वाट कशाला, गोळी खायला? तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, पण ते खातं वेगळं." इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, कानाला फोन लावून. फोन ठेवल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "आपली जमीन बेफ्रीडेट नाही म्हणतात. फ्रीडे म्हणजे शांती. म्हणजे, शांत केलेली नाही."

"मग करू की," आबा म्हणाले. " घराची वास्तुशांत केली होती न्हवं तुम्ही? तिची राहिली." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच खोपीपुढे नारळ फोडला, चार दिशांना हळदकुंकू वाहिलं, गूळखोबरं वाटलं. नवऱ्याने भक्तिभावाने हात जोडले. त्याला वाटलं, आबाही आपल्या बाजूने लढाईत उतरले. मला हसू येत होतं आणि रडूही.

पुढची दोन वर्षं अशी गेली. संध्याकाळी मी नवऱ्याच्या सांगण्यावरून शिकाऱ्याविरुद्ध तक्रारअर्ज लिहायचे, आणि शिकारीच्या दिवशी सकाळी आबांच्या डब्यात त्याच्याच कुत्रीसाठी एक भाकरी जास्त घालायचे. ज्वारीचं पीठ स्टुटगार्टहून आणावं लागायचं, तरी घालायचे. शिकार संपल्याचं शिंग वाजलं की मी आबांना वर सोडायचे. नवरा त्या दिवशी मुद्दाम घराबाहेर पडायचा नाही, रक्त तापतं म्हणायचा. शिकार संपल्यावर आबा झाडं बघायला जातात, एवढंच त्याला माहीत. आबा बाकावर बसले की पाचदहा मिनिटांत कुंपणातून ती म्हातारी कुत्री यायची, सरळ बाकापाशी. तिच्यामागे शिकारी. एक वर्ष त्याने घरच्या सफरचंदाचा रस आणला होता. वर्षभरात आबांकडे स्वतःच्या पायांनी आलेले पाहुणे हे एवढेच.

एकदा परतताना मी म्हटलं, "आबा, तुम्हीच सांगा ना त्यांना. तुम्हाला हे आवडतं म्हणून."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरगं माझ्यासाठी भांडतंय गं. लहानपणापासनं त्यानं माझ्यासाठी कधी काय केलं न्हाई, मीच करू दिलं न्हाई. आता करतोय तर करू दे. जिंकायचं न्हाई ते, काळजी करू नको."

पण तो जिंकला. तिसऱ्या वर्षी शिकार उरकल्यावर, आबा परत जायच्या आधी, शिकारी आमच्या घरी आला. बूट दारात काढून स्वयंपाकघरात बसला. दमलेला दिसत होता, माझ्याइतकाच. "आल्झो, हे बघा," तो ओरडला, "माझे गुडघे गेले. रोज नवा अर्ज, नवा फोन, मला आता नको हे. पुढच्या वर्षीपासून तुमच्या कुंपणापाशी माणसं उभी करतो. एक कुत्रं आत येणार नाही. तुमचा तुकडा सोडून दिला."

मी मराठीत सांगितलं. नवऱ्याचा चेहरा असा उजळला, की दहावीच्या निकालाच्या दिवशी असाच दिसत असेल, असं मला वाटलं. तो आबांकडे वळून म्हणाला, "आबा, झालं काम. आता कुणाचा त्रास नाही तुम्हाला."

शिकारी उठला. दारापाशी थांबून त्याने आबांकडे बोट केलं आणि मला विचारलं, "आणि म्हाताऱ्या साहेबांना? त्यांनाही हेच हवंय?"

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"विचारतात, तुम्हालाही हेच हवंय का."

मला वाटलं, आता बोलतील. मी मनातल्या मनात जर्मन वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. आबांनी आधी शिकाऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. मुलगा अजून हसत होता.

"सांग त्याला," आबा म्हणाले, "माझ्या पोराचं म्हणणं तेच माझं म्हणणं."

मी सांगितलं. भाषांतरात एका शब्दाची चूक नव्हती. मला त्या क्षणी बापलेक दोघांचाही इतका राग आला की शिकारी गेल्यावर मी उगाचच भांडी घासायला घेतली.

पुढच्या वर्षी आबा आले. सफरचंदं गोळा केली, फांद्या छाटल्या. पाटी लागली तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदाच शिट्टी वाजवत गाडी चालवली. शनिवारी सकाळी आबा स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "एक भाकरी जास्त घाल." मी घातली.

शिंग वाजल्यावर आम्ही वर गेलो. या वेळी मी गाडीत न थांबता त्यांच्याबरोबर बाकावर बसले. कुंपणापलीकडे घंटा वाजत होत्या. माणसांचे आवाज येत होते, हाट, हूट, असे, कुत्र्यांना मागे फिरवणारे. आबांनी हाक मारली, "यू, यू." घंटा कुंपणाच्या कडेकडेने खाली आल्या, एक तर अगदी जवळ आली, थांबली. मग तिकडून कुणीतरी ओरडलं आणि तीही लांब गेली. त्यांनी अजून दोनदा हाक मारली. मग डबा उघडून भाकरी मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी फडक्यात परत बांधली.

"तुझ्या कचेरीतल्या बाईला सांग," ते म्हणाले, "शांत झाली म्हणावं जमीन. लई शांत झाली."

डिसेंबरच्या सुरुवातीला ते परत गेले. विमानतळावर मी म्हटलं, पुढच्या वर्षी लवकर या, फळ जास्त आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षाचं काही बोलले नाहीत. त्यानंतर ते आले नाहीत. कधी गुडघे, कधी पुतण्याच्या घरचं लग्न. नवऱ्याचं ठाम मत आहे की त्यांना इथली थंडी सोसत नाही.

दर उन्हाळ्यात तो त्यांना फोन करतो. मी शेजारी भाजी निवडत असते. "आबा, या ना यंदा," तो म्हणतो. "आता तिकडे एक कुत्रंसुद्धा फिरकत नाही."