चावीवाला आणि आईचे देव

जायकवाडीचं पाणी आटत होतं आणि शहर वाढतच होतं. आमच्या गल्लीला सहाव्या दिवशी पाणी यायचं. ते सोडणारा चावीवाला आपली लांब लोखंडी चावी मारुतीच्या ओट्याला टेकवायचा, घड्याळ बघायचा, पण हात कधी जोडायचा नाही. "देव नाय मानत मी," हे तो चहाला नको म्हणावं इतक्या सहज सांगायचा. चहाही कुणाचा घ्यायचा नाही.

आईला त्याचा राग यायचा. "ज्याला देवाचं भय नाही, त्याचा भरवसा काय?"

एकदा दाब फारच कमी होता. आमचं घर शेवटचं, नळ नुसता फुसफुसत होता. मी धावत गेलो. "दहा मिनिटं वाढव रे. देवांना अंघोळ घातल्याशिवाय आई जेवत नाही."

"टाइम झाला, सर. पुढच्या गल्लीत बाया कवाच्या खोळंबल्यात." त्यानं चावी फिरवली. देव न मानणाऱ्याला काय कळणार, असं मी रागानं बोलून गेलो. तो चावी खांद्यावर टाकून पुढच्या गल्लीकडे निघाला.

दुपारी दोनला तो दारात उभा. खांद्यावर पाण्याचा कॅन, शर्ट घामानं भिजलेला. "घरचं हाय. आजी जेवल्या का?"

आईचे डोळे भरले. "देवच धावून आला रे बाबा!"

"नाय आजी, मीच आलो," तो धापा टाकत म्हणाला. "सायकल पंक्चर हाय, चालत आलो."

आईनं त्याच पाण्याचा पहिला पेला त्याच्या हातात दिला. तो पिऊन होईपर्यंत देव कोरडेच थांबले.