कानांभोवतीची पांढरी किनार

स्टुडिओत त्याला सगळे कातरमामा म्हणत. कातर त्याने केव्हाच खाली ठेवली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बहिणीने हा स्टुडिओ काढला तेव्हा तो फोटोतला माणूस कापून कोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. मग कॉम्प्युटर आला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो माऊस धरायला शिकला. सुरुवातीला माऊस टेबलाच्या कडेला पोचला की तो टेबलच सरकवायला बघायचा. बहीण हे शेवटपर्यंत सांगून हसत असे.

आता स्टुडिओ भाची चालवते. फोटो ती काढते, मागचं मामा काढतो. मागचं म्हणजे माणसाच्या पाठीमागे असेल ते सगळं: पडदा, कपाट, वाळत घातलेले कपडे. त्याची एक शिस्त होती. तो काही पुसत नसे, नुसतं झाकत असे. मास्क म्हणतात त्याला. काळा ब्रश फिरवला की भाग झाकला जातो, पांढरा फिरवला की परत येतो. "टाकून दिलेलंच लोक परत मागायला येतात," तो म्हणायचा.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम एका बटणावर होत होतं. भाचीने ते दाखवलं तेव्हा मामा म्हणाला, "कानामागून आलं नि तिखट झालं." बटणाने एका मुलीच्या केसांच्या बटा खाल्ल्या होत्या, त्या त्याने बोट ठेवून दाखवल्या. भाची बटण विसरली. मामा नाही विसरला. तेव्हापासून तो अधिकच डोळ्यांत तेल घालून काम करू लागला. आपली एक चूक, की खुर्ची बटणाची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

अलीकडे मात्र एक गोष्ट त्याला छळत होती. कितीही नीट कापलं तरी माणसाभोवती पांढरी किनार राहायची, मागच्या भिंतीचा उजेड कडेला चिकटून राहतो तशी. तो ब्रशने ती खात आत आत जायचा. गिऱ्हाइकं खूश होती. गाल आत, हनुवटी एकच. कोण तक्रार करणार?

मग एका सकाळी एक बाई मुलाला पुढे घालून आल्या. मुलाला नोकरी लागली होती, ओळखपत्राचा फोटो आदल्या दिवशीच नेला होता.

"हा कोण?" त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला.

"तुमचाच की," मामा म्हणाला.

"माझ्याला कान आहेत. सुपाएवढे. बापाचे आहेत, आत्याचे आहेत, सगळ्या घराण्याचे आहेत. ते कुठे ठेवलेत?"

"आई, असू दे ना. बरा दिसतोय मी."

"तू गप्प बस. दारावरचा पहारेकरी आत सोडेल का तुला?"

भाची हसू दाबत पुढे आली. तिने मूळ फोटो उघडून शेजारी ठेवला. कान खरंच निम्मे गेले होते.

"किनार होती," मामा म्हणाला. "अजूनही आहे. ही बघ."

भाचीने वाकून पाहिलं. "मामा, इथे काहीच नाही."

तो चित्र मोठं करत गेला. कान स्क्रीनभर झाला, आणि त्याचा हात थांबला. चित्र मोठं केलं की किनारही मोठी व्हायला हवी. ही होती तेवढीच राहिली होती.

त्याने मान वर केली. काचेच्या दाराकडे पाठ करून भाची उभी होती. तिच्या केसांभोवती, खांद्याभोवती तीच पांढरी किनार होती. बाईंच्या भोवती होती. मुलाच्या कानांभोवतीही होती.

"नीट करून ठेवतो, उद्या या" म्हणून वेळ मारून नेता आली असती. ते शब्द त्याच्या ओठांवर आलेही. पण समोर तो मुलगा आपले लाल झालेले कान चोळत उभा होता.

"तुलाही किनार आहे," तो शेवटी भाचीला म्हणाला.

"मला? कुठे?"

"तुला नाही गं. माझ्या डोळ्यांत आहे. आणि मी सगळ्यांची काढत बसलो."

भाचीचं हसू मावळलं. मामा खुर्चीतून उठला. "बटणाने करून टाक हवं तर."

भाची खुर्चीत बसली. बटणाला तिने हात लावला नाही. "सांग," ती म्हणाली.

"पांढरा ब्रश घे. मऊ. कानाच्या पाळीपासून वर चल. घाई नको. केस आले की हात हलका. कान संपतो ती कड दिसतेय?"

"दिसतेय."

"मग तिथेच थांब."

झाकलेला कान हळूहळू परत आला, मग दुसरा. बाईंनी नवा फोटो मुलाच्या तोंडाशेजारी धरून पाहिला. "हा माझा," म्हणाल्या, आणि जरा हिरमुसलेल्या मुलाला घेऊन गेल्या.

"बरंच जुनं काम उपसावं लागेल," मामा म्हणाला. "सगळं झाकलेलंच आहे म्हणा. पण एकेकाचे कान बघायला हवेत."

"आधी डोळे."

"मोतीबिंदूच असेल. तुझ्या आईलाही होता."

"ती लगेच डॉक्टरकडे गेली होती."

मामा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. भाचीने फोटोसाठी गिऱ्हाइकांना बसवायचं स्टूल ओढून खुर्चीला लावलं.

"बस. तुझे डोळे बरे होईपर्यंत मी कापते, तू चुका काढ. ते तर तुला डोळे मिटूनही जमतं."