पेरूंचं टोपलं

पूर्णा स्टेशनच्या पुलावर मला रोज एका बाईचा हेवा वाटायचा. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हेवा करायला नाव लागत नाही.

माझ्या पायातल्या रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्यात. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो. डॉक्टर म्हणतात, "दुखलं की थांबा, मग पुन्हा चाला." म्हणून ऑफिसला जाताना गाडीतून उतरलो की मी अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभा राहायचो आणि मोबाइल बघत असल्याचं सोंग करायचो. तेवढ्यात ती यायची. माझ्याहून वयानं चांगलीच मोठी. डोक्यावर पेरूंचं टोपलं, एक हात टोपल्याला, दुसऱ्या हातात निऱ्या. एकदाही न थांबता थेट वर. तिच्या वाळक्या पोटऱ्यांकडे मी अक्षरशः जळून बघायचो.

एकदा न राहवून म्हणालो, "मावशी, तुमचे पाय मला द्या."

ती चालता चालताच बोलली, "घ्या की! गोळे माज्याबी पोटऱ्यात येतेत, भाऊ. पण तुमाला थांबता येतंय. मी टोपलं खाली ठेवलं, तर परत डोक्यावर कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी मी तिला अर्ध्या जिन्यात थांबवलं आणि टोपलं उतरवून घेतलं. दोघंही कठडा धरून उभे राहिलो. ती पदरानं मान पुसत होती. थोड्या वेळानं मी टोपलं तिच्या डोक्यावर दिलं, तशी ती भराभरा चढून गेली.

माझा गोळा अजून उतरला नव्हता. खरं सांगतो, हेवा पुन्हा वाटलाच.